दिल्लीचा परराष्ट्र निर्णय आणि खानापूरचा मतदार

परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ते दिल्लीचं काम. आम्ही काय करणार त्यात?" सीमाभागातल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य समजण्यासारखं आहे. मराठी शाळेला शिक्षक मिळत नाही, सरकारी कागद कन्नडमधून येतो, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. इतकं सगळं दारात असताना युक्रेनची आणि श्रीलंकेची चिंता कधी करायची?

तरीही हा प्रश्न टाळता येत नाही. भारत सरकार परदेशात जे करतं ते "भारताच्या जनतेच्या" नावानं करतं, आणि त्या जनतेत निपाणी, खानापूर, येळ्ळूर, उचगाव सगळे आले. त्या निर्णयामुळे दुसऱ्या देशात कुणाचं घर पडलं, कुणाचे हक्क गेले, तर त्यात आपला वाटा किती? आधी हा हिशेब नीट लावू.

दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या सोसायटीत चेअरमननं सभासदांच्या ठेवी चुकीच्या ठिकाणी गुंतवल्या, तर सभासद तुरुंगात जात नाहीत. गुन्हा चेअरमनचा. पण तोटा सभासदांच्या भागभांडवलातून जातो आणि वार्षिक सभेत उठून हिशेब मागायचा हक्क सभासदांनाच असतो. जो सभेला गेला नाही, त्याचाही तोटा चुकत नाही. देशाचंही असंच आहे. "मी त्या पक्षाला मत दिलं नव्हतं" असं म्हणून कुणी बाहेर पडू शकत नाही, कारण बिस्किटाच्या पुड्यावरचा जीएसटी सगळेच भरतात आणि त्याच पैशातून बंदुकाही येतात, मदतीची औषधंही जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत हा प्रश्न फार जळजळीत झाला होता. नाझी राजवटीत लाखो माणसं मारली गेली. त्याचा दोष प्रत्येक जर्मन माणसाला द्यायचा का? तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात व्याख्यानं देऊन याची फोड केली. कायदा मोडणाऱ्याचा गुन्हा वेगळा. त्याचा निवाडा न्यायालयात. राजकीय जबाबदारी मात्र सगळ्या नागरिकांची, कारण राज्य त्यांच्या नावानं चालतं. नैतिक दोष ज्याचा त्यानं स्वतःच्या मनाशी तपासायचा : मी गप्प का बसलो, मी कुठे मान डोलावली? याच्याही पलीकडे, माणूस म्हणून माणसाशी असलेल्या नात्याचा एक दोष त्यांनी सांगितला. संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि संपूर्ण समाजाला मोकळं सोडणंही मान्य नव्हतं. मला ही फोड आजही सर्वांत उपयोगी वाटते. ती माणसाला अपराधी भावनेखाली दडपत नाही आणि हात झटकूही देत नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात असते. हुकूमशाहीत तोंड उघडलं तर जीव जातो, तिथल्या माणसाकडून आपण फार मागू शकत नाही. जिथे मत देता येतं, सभा घेता येते, खासदाराला गाठता येतं, तिथे गप्प बसण्याची सबब लहान होते.

आपल्या राज्यघटनेत याची सोय काय आहे? परराष्ट्र व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय करार हे दोन्ही विषय केंद्र सूचीत आहेत. बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या सरकारचा त्यात अधिकार नाही. कलम ५१ सांगतं की राज्यानं आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावं, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य आणि सन्मानाचे संबंध ठेवावेत, आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवावा आणि तंटे लवादानं सोडवायला उत्तेजन द्यावं. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. करार करायला सरकारला संसदेची आगाऊ संमतीही लागत नाही. देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये बेरुबारीच्या प्रकरणात सांगितलं. बाकी बहुतेक गोष्टी मंत्रिमंडळाच्या हातात.

म्हणजे कायद्यानं नागरिकाला इथे फार जागा ठेवलेली नाही. मग नागरिकांनी परराष्ट्र धोरण कधी हलवलंय का?

हलवलंय, आणि ते आपल्या उंबरठ्यावर घडलं. १९६१ पर्यंत चोर्ला घाटापलीकडे परदेश होता. गोवा पोर्तुगालकडे होता आणि दिल्लीच्या दृष्टीनं तो परराष्ट्र खात्याचा विषय होता. जूनच्या १८ तारखेला, १९४६ साली, राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली, पाठोपाठ मधू लिमये गेले. गोऱ्यांना आणि लिमयांना पोर्तुगीज न्यायालयानं लांबलचक शिक्षा ठोठावल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून हद्द ओलांडून गेले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे.

यात सरकार कुठे होतं, हे पाहण्यासारखं आहे. नेहरूंना लष्करी कारवाई नको होती. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या देशानं बळ वापरलं तर जगात काय तोंड दाखवायचं, ही त्यांची अडचण खरी होती. सरकारनं पोर्तुगालशी संबंध तोडले, नाकेबंदी केली, कॅसलरॉकवरून जाणारी गोव्याची रेल्वे थांबली. पण सप्टेंबर १९५५ मध्ये त्याच सरकारनं सत्याग्रहींना हद्द ओलांडायला बंदी केली. पुढची सहा वर्षं लोकांनी हा विषय मरू दिला नाही. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये फौज बेळगावात गोळा झाली आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे पडला. बेळगावच्या जुन्या घरांत या आठवणी अजून आहेत, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे.

त्या आधीही, देश स्वतंत्र नसताना, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या लोकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. भारताला तेव्हा स्वतःचं परराष्ट्र खातं नव्हतं. लोकांनी वर्गणी काढून एक भूमिका घेतली होती.

पण अभिमानाच्या गोष्टींवर थांबलो तर हा लेख अर्धाच राहील.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं घर. आजूबाजूच्या गावांत फौजी नसलेली गल्ली सापडणं अवघड. २९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तिच्यात मराठ्यांच्या पलटणीही होत्या. तमिळ बंडखोर आणि श्रीलंका सरकार यांच्यात शांतता राखायला गेलेली ही फौज काही आठवड्यांत बंडखोरांशीच लढू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा हजाराहून अधिक भारतीय जवान गेले होते. त्यांची नावं आपण विसरता कामा नये.

त्याच युद्धात, ऑक्टोबर १९८७ मध्ये, जाफन्याच्या मुख्य रुग्णालयात गोळीबार झाला. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठ-सत्तर माणसं मेली. भारतीय सैनिकांनी निःशस्त्र माणसांना मारलं असं त्यातून जिवंत राहिलेल्यांनी आणि मानवाधिकार संघटनांनी सांगितलं. सैन्याचं म्हणणं असं की बंडखोरांशी चकमक होऊन ही माणसं दोन्हीकडच्या गोळ्यांत सापडली. जाफन्यात दरवर्षी त्या दिवशी मेलेल्यांची आठवण काढली जाते. आपल्याकडे त्याचा उल्लेखही क्वचित होतो. फौजेवर प्रेम करणाऱ्या माणसानं हे बोलू नये असं काहींना वाटेल. मला उलट वाटतं. ज्या घरातून पोरगा फौजेत जातो, त्या घराला त्याला कुठे, कशासाठी, कुठल्या हुकमानं पाठवलं हे विचारायचा सर्वांत मोठा हक्क आहे. त्या पोराकडून जे होतं आणि त्याच्यावर जे ओढवतं, त्याचं मूळ वर घेतलेल्या निर्णयात असतं. तो निर्णय तपासणं म्हणजे जवानाचा अपमान नव्हे.

श्रीलंकेचीच पुढची गोष्ट आपल्याला भाषिक समाज म्हणून जवळची आहे. २००९ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं तेव्हा अखेरच्या महिन्यांत हजारो तमिळ नागरिक मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेला जाब विचारणारा ठराव मार्च २०१२ मध्ये आला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. २०१३ मध्येही दिलं. त्यामागे तमिळनाडूतल्या पक्षांचा आणि लोकांचा दबाव होता. २०१३ मध्ये द्रमुकनं केंद्र सरकारचा पाठिंबाच काढून घेतला. पुढे २०१४ आणि २०२१ मध्ये भारत तटस्थ राहिला. एका भाषेच्या लोकांनी रेटा लावला तर जिनिव्हातलं मत बदलतं, हे यातून दिसलं. मात्र हा रेटा आपल्या भाषेच्या, आपल्या धर्माच्या माणसांपुरताच लागत असेल, तर तो मानवाधिकारांचा आग्रह राहत नाही. नात्यागोत्याचा कैवार होतो. ज्यांना कैवारी नाही अशांचं काय, हीच तर मानवाधिकारांची परीक्षा.

सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट पुस्तकाशिवाय कळते : आपल्याला न विचारता आपल्याबद्दल निर्णय झाला की काय होतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांचं मत घेतलं गेलं नाही. जानेवारी १९६७ मध्ये गोव्याला मतदानानं विचारलं गेलं की महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. गोव्यानं महाराष्ट्रात जायला नकार दिला. आपल्याला असं कधी विचारलंच नाही. आता बांगलादेशच्या सीमेवर बघा. दोन्ही देशांच्या हद्दीत एकमेकांच्या जमिनीची बेटं अडकलेली होती, भारताची १११ आणि बांगलादेशची ५१. तिथले लोक दशकानुदशकं दाखल्याविना, विजेविना, पोलिसांविना जगले. २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती होऊन या बेटांची अदलाबदल झाली आणि तिथल्या माणसाला कुठलं नागरिकत्व हवं हे विचारलं गेलं. परराष्ट्र धोरण माणसाला विचारून करता येतं, याचं हे ताजं उदाहरण आहे. "आम्हाला विचारा" ही मागणी इतकी वर्षं करणाऱ्या आपण, आपल्या नावानं दुसऱ्यांबद्दल ठरतं तेव्हाही हाच प्रश्न लावून धरला पाहिजे. माझं सगळं म्हणणं यात आलं.

यावर नेहमीचा आक्षेप राष्ट्रहिताचा. तो हलका नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. भारतासह ३५ देश तटस्थ राहिले. त्याच्या आदल्याच दिवशी आपल्या जवळच्या हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी खार्किव्हमध्ये तोफगोळ्यानं मारला गेला होता. हजारो भारतीय मुलं तेव्हा तिथे अडकली होती, दोन्ही बाजूंशी बोलून त्यांना बाहेर काढायचं होतं. शस्त्रांसाठी आपण रशियावर अवलंबून होतो. तटस्थ राहण्याची ही कारणं मला त्या आठवड्यापुरती पटतात. मुलं परत आल्यानंतर, रशियाचं स्वस्त तेल येऊ लागल्यानंतर, तीच तटस्थता कुठल्या कारणानं टिकली हे मात्र सरकारनं सांगायला हवं होतं आणि आपण विचारायला हवं होतं. राष्ट्रहित हे उत्तर असू शकतं. ते ऐकून प्रश्न बंद करायचे, असा नियम नाही. पेट्रोल पंपावर आपल्यालाही त्या निर्णयाशी देणंघेणं होतंच.

पैशाचा धागा बेळगावपर्यंत येतो तो आणखी एका वाटेनं. उद्यमबागच्या फाउंड्रींतून ओतीव भाग निघतात, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात, माल परदेशी जातो. त्यात काही गैर नाही, शेकडो घरं त्यावर चालतात. पण शस्त्रांसाठीही वापरता येतील अशा वस्तूंची आणि तंत्रज्ञानाची केंद्र सरकारची वेगळी यादी असते, स्कोमेट नावाची. तिच्यातली वस्तू परदेशी पाठवायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि माल शेवटी कोण वापरणार याचं लेखी प्रमाणपत्र मागितलं जातं. हा कागद निव्वळ सोपस्कार म्हणून भरायचा नसतो. आपण बनवलेली वस्तू कुठे जाऊन पडते, हे विचारण्याची जागा त्या कागदातच आहे.

आयर्लंडमधल्या एका दुकान साखळीच्या कामगारांनी असंच विचारलं होतं. जुलै १९८४ मध्ये डब्लिनच्या एका तरुण विक्रेतीनं दक्षिण आफ्रिकेची फळं गल्ल्यावर हाताळायला नकार दिला, कारण ती फळं वर्णभेदाच्या राजवटीतून आली होती. त्या विक्रेतीला कामावरून निलंबित केलं. सहकारी संपावर गेले, संप जवळपास तीन वर्षं चालला, आणि १९८७ मध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेच्या फळभाज्यांची आयात बंद केली. आपला देश याबाबतीत चाळीस वर्षं पुढे होता : १९४६ मध्येच भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि तेव्हा आपल्या निर्यातीतला सुमारे पाच टक्के माल तिकडे जात होता. तोटा सोसून घेतलेली भूमिका होती ती.

न्यायालयाचा रस्ता इथे अरुंद आहे हे आधी सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे असं म्हणत न्यायालयानं ती फेटाळली. तेव्हा उरतो संसदेचा आणि माहितीचा रस्ता.

आपले खासदार कोण, इथेच गोंधळ असतो. निपाणीचा मतदार चिक्कोडी लोकसभा मतदारसंघात, बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगाव मतदारसंघात, आणि खानापूरचा मतदार थेट उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. खासदार परराष्ट्र मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात आणि उत्तर छापील स्वरूपात कायम राहतं. संसदेची परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती ३१ सदस्यांची आहे, तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. प्रचाराला आलेल्या उमेदवाराला गटार आणि रस्त्याबरोबर एक प्रश्न असा विचारता येईल : भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर करून स्वतःवर बंधनकारक केलेला नाही. तुम्ही त्याबद्दल काय करणार? पोलीस कोठडीतला मार परदेशातला विषय नाही. तो कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यातला आहे.

अशा करारांचा आपल्याला फायदाही आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला. त्याचं कलम २७ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही. आपल्या घटनेचं कलम ३५०-ब, ज्याखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो, त्याच्या जोडीला हा करारही आपल्या बाजूला उभा आहे. मराठी परिपत्रकासाठी मोर्चा काढताना या कलमाचा आधार घेणाऱ्यानं, त्याच करारातले हक्क श्रीलंकेच्या माणसालाही आहेत हे मान्य करायला हवं.

माहिती अधिकाराच्या कायद्यात परराष्ट्र संबंध बिघडवणारी माहिती नाकारायची मुभा आहे. पण नुकसानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर तीही द्यावी, असं त्याच कलमात लिहिलंय. कलम २४ मध्ये गुप्तचर आणि सुरक्षा यंत्रणांना या कायद्यातून सूट दिलीय, तिथेही मानवाधिकार उल्लंघनाच्या आरोपांबद्दलची माहिती सुटीतून वगळलीय. केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीनं ती ४५ दिवसांत द्यावी लागते. बेळगावातून अर्ज करताना भाषा इंग्रजी, हिंदी किंवा इथली राजभाषा, म्हणजे कन्नड, यांपैकी एक घ्यावी लागेल.

लोकसभेकडे विनंती अर्ज करायचा असेल तर मात्र तो मराठीत लिहिता येतो. केंद्र सरकारशी संबंधित आणि न्यायालयात नसलेला कुठलाही सार्वजनिक विषय त्यात मांडता येतो, म्हणजे परराष्ट्र धोरणही. सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि त्यावरही अर्जदारानं सही करायची. असे अर्ज लोकसभेच्या याचिका समितीसमोर जातात.